स्क्रेपजवळ जमिनीवर बसून व्हाइटटेलची शिकार: जागा कशी निवडायची

ऑक्टोबरच्या शेवटी पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात व्हाइटटेल म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे नर जमीन उकरत हिंडायला लागतात (या उकरलेल्या जागेलाच स्क्रेप म्हणतात), आणि नेमक्या त्याच सुमाराच्या एखाद्या शनिवारी महाराष्ट्र मंडळाची दिवाळी असते. दोन्ही साधणारे मराठी शिकारी थोडे आहेत, पण आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या, धनुष्य किंवा क्रॉसबो (बंदुकीसारखं धरायचं आडवं धनुष्य) चालवायला शिकलेल्या आणि आता झाडावरच्या स्टँडऐवजी जमिनीवर बसून बघू म्हणणाऱ्या मंडळींसाठी हा लेख आहे. उदाहरणं मध्य पेनसिल्व्हेनियाची आहेत, कारण तिथल्या लांबच लांब डोंगरधारा आणि त्यांच्यामधली खोरी माझ्या पायाखालची आहेत. ओहायो, न्यूयॉर्क किंवा मिशिगनमध्ये हरीण हेच, पण नियम वेगळे.

भारतातल्या वाचकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. इथलं काहीही चितळ-सांबरांवर करून बघायचं नाही. कॅमेरा घेऊन लपणात बसत असाल तर वाऱ्याचा भाग तेवढा उपयोगी पडेल.

आधी कागदपत्रं

पहिला परवाना काढण्यापूर्वी शिकारी प्रशिक्षणाचा कोर्स पूर्ण करावा लागतो. तो कंटाळवाणा नाही, नीट करा. एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: केंद्रीय कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. वैध शिकार परवाना हा त्याला एक अपवाद आहे, पण राज्याचे नियम त्यावर आणखी असू शकतात. बंदुकीचा विचार असेल तर मित्राच्या सांगण्यावर न जाता वकिलाला विचारा. हा नियम धनुष्याला लागू नाही. स्क्रेपचा खरा हंगामही धनुष्याच्याच मोसमात येतो, त्यामुळे नवख्याने धनुष्यापासून सुरुवात करणं दोन्ही अर्थांनी सोयीचं.

पेनसिल्व्हेनियात धनुष्याचा मुख्य मोसम साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो आणि रायफलचा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. राहत्या घरापासून धनुष्याला ५० यार्ड आणि बंदुकीला १५० यार्ड अंतर सोडावं लागतं. त्याच्या आत शिकार करायची तर घरमालकाची परवानगी हवी. शिंगांना किती टोकं असलेला नर मारता येतो याचे नियम २००२ पासून कडक झाले आहेत आणि ते विभागानुसार बदलतात. दरवर्षी नियमांचं नवं पुस्तक वाचा. गेल्या वर्षीचं वाचून चालत नाही.

स्क्रेप म्हणजे काय, आणि त्यावर डोळा लावून का बसू नये

माजाचे दिवस जवळ आले की नर एखाद्या खाली झुकलेल्या फांदीखाली पाचोळा बाजूला सारून खुरांनी माती उघडी करतो. फांदी साधारण त्याच्या तोंडाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून चार-पाच फुटांवर असते. ती तो चाटतो, चावतो, तिच्यावर कपाळ आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथी घासतो. मग मागचे गुडघे जवळ आणून तिथल्या ग्रंथींवरून मूत्र खाली मातीत सोडतो. उघडी माती आपल्या डोळ्यात भरते, पण हरणांचा खरा व्यवहार त्या फांदीपाशी चालतो. फांदी नसेल तर स्क्रेपही नाही. चांगल्या फांदीखालचा स्क्रेप वर्षानुवर्षं त्याच जागी उघडत राहतो आणि तो एकाच नराचा नसतो. अनेक नर, माद्या, अगदी वर्षाची पिल्लंही तिथे येऊन वास घेऊन जातात.

नवखा शिकारी हे सगळं ऐकतो आणि स्क्रेपपासून १५ यार्डांवर बैठक मांडतो. मग पाच संध्याकाळी तिथे फक्त खारी दिसतात. याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे स्क्रेपवरच्या बहुतेक भेटी रात्री होतात. जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरे लावून पाहिलं तेव्हा सुमारे ८५ टक्के वर्दळ अंधारात आढळली. दुसरं कारण आपल्या कामाचं आहे. पोक्त नर दिवसा आला तरी बऱ्याचदा स्क्रेपवर पाऊल ठेवतच नाही. वारा जिकडे वाहतो त्या अंगाने तो ३०-४० यार्ड लांबून आडवा चालत जातो आणि तिथूनच हुंगून घेतो की रात्रीतून कोण येऊन गेलं. मातीत काही नवं नसेल तर थांबतही नाही.

म्हणून बैठक स्क्रेपसाठी शोधायची नसते. ती या आडव्या चालीसाठी शोधायची असते. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

कोणता स्क्रेप निवडायचा

शेताच्या कडेला, रस्त्यालगत, उघड्या कुरणाच्या टोकाला जे स्क्रेप दिसतात ते मोजायला छान असतात आणि बसायला निरुपयोगी. नर तिथे पोचतो तेव्हा कायदेशीर वेळ संपलेली असते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत तीर सोडता येतो. त्या वेळेत जिवंत असणारा स्क्रेप झाडीच्या आत असतो, हरणं दिवसा जिथे बसून रवंथ करतात त्या दाटीपासून फार लांब नसलेला.

आमच्या धारांवर ही दाटी बहुधा माउंटन लॉरेलची, हेमलॉकच्या कोवळ्या झाडांची नाहीतर जुन्या तोडीनंतर उगवलेल्या रानगुलाबाची असते. पोक्त नर बऱ्याचदा धारेच्या वरच्या तिसऱ्या भागात, वाऱ्याच्या आडोशाच्या उतारावर बसतो. पाठीकडून येणारा वारा त्याला धारेपलीकडची बातमी देतो आणि समोरचा उतार डोळ्यांना मोकळा असतो. तिथून तो सायंकाळी पांढऱ्या ओकच्या फळांकडे किंवा खालच्या मक्याच्या शेताकडे उतरतो. या वाटेवर, दाटी सोडल्यावर पहिल्या शंभर-दीडशे यार्डांत सापडलेला स्क्रेप सोन्यासारखा.

ताजेपणा ओळखायला विशेष विद्या लागत नाही. माती काळी, ओलसर, कडा धारदार, वर पाचोळा पडलेला नाही, मध्ये खुराचा ठसा आणि जवळ गेल्यावर मुताचा उग्र दर्प. फांदीचं टोक ताजं मोडलेलं, आतलं लाकूड अजून पांढरं. वाटेतल्या झाडांवर शिंगं घासल्याच्या खुणा असतील तर त्या कुठल्या बाजूला आहेत ते पाहा. नर बहुधा ज्या बाजूने येतो तिकडची साल सोललेली असते. अशा तीन-चार खुणा एका ओळीत एकाच दिशेला तोंड करून असतील तर तो सकाळी या वाटेने परततो की संध्याकाळी निघतो हे कळतं. बैठक सकाळची की संध्याकाळची ते त्यावरून ठरवा.

फांदीला हात लावू नका. खरंच लावू नका. ती सगळ्या कळपाची सूचनापाटी आहे.

वाऱ्याचा अभ्यास

झाडावर २० फूट उंच बसलेल्याचा वास कधीकधी हरणाच्या डोक्यावरून निघून जातो. जमिनीवर ती सवलत नाही. तुमचा श्वास नेमका हरणाच्या नाकाच्या उंचीवर सुटतो.

फोनवरचं हवामान फक्त मोठा वारा सांगतं. डोंगरात त्याच्या जोडीला उताराची हवा असते. रात्री आणि पहाटे थंड हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते, ओढ्याच्या कडेने पाण्यासारखी वाहत जाते आणि खोलगट जागेत साचते. ऊन चांगलं चढलं की हीच हवा वर उठायला लागते. संध्याकाळी सावली पडलेल्या पूर्वेच्या उतारावर सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी ती पुन्हा खाली वळते, समोरचा पश्चिमेचा उतार अजून उन्हात असतो तेव्हाच. मोठा वारा मंद असेल तर उताराची हवा जिंकते. दोन्ही वेगळ्या दिशेने ओढत असतील तर भोवरा तयार होतो, आणि भोवऱ्याच्या जागी कितीही सुंदर स्क्रेप असला तरी बसायचं नाही.

हे डोळ्यांनी बघायची सोय जंगलातच आहे. शरद ऋतूत इथे मिल्कवीडच्या शेंगा फुटतात. ही आपल्या रुईचीच भावकी, आणि आत तशीच रेशमी तंतूंची बी असते. लहानपणी आपण त्या उडत्या बियांना म्हातारी म्हणायचो. दहा-वीस म्हाताऱ्या एका डबीत ठेवा. बैठकीच्या जागी एक सोडा आणि नजरेआड होईपर्यंत तिचा पाठलाग डोळ्यांनी करा. बाजारात मिळणारी पावडर हातापासून चार फुटांवर विरून जाते. म्हातारी मात्र ६० यार्डांवर वारा कुठे वळतो, कुठे खाली बसतो, कुठे झाडाला थडकून मागे फिरतो ते दाखवते. शिकारीच्या आधीच्या एखाद्या दिवशी, ज्या वेळी बसणार त्याच वेळी हे करून बघा. सकाळची हवा दुपारी तपासून उपयोग नाही.

बैठकीची जागा: प्रत्यक्ष आखणी

कागदावर काढूया. मधोमध स्क्रेप. वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे. नर स्क्रेपच्या पूर्वेला ३०-४० यार्डांवरून, उत्तर-दक्षिण असा आडवा जाणार, कारण स्क्रेपचा वास तिकडेच पोचतो. आता तुम्ही त्या रेषेच्याही पूर्वेला, आणखी १५-२० यार्ड पुढे बसा. म्हणजे स्क्रेप तुमच्यापासून ५० यार्डांवर, धनुष्याच्या माऱ्याबाहेर, आणि नर मात्र माऱ्यात. तुमचा वास त्याच्यापासून लांब, पूर्वेला जातो. स्क्रेपजवळ बसायचं म्हणून आलेला माणूस स्क्रेपकडे पाठ केल्यासारखा इतका लांब बसतो, हे पचायला वेळ लागतो.

या आखणीतली भोकं आता बुजवायची. पहिलं भोक पाठीमागचं. नर तुमच्याही मागून, आणखी पूर्वेने गेला तर तो तुम्हाला हुंगणार आणि खेळ संपला. म्हणून पाठीमागे अशी जागा हवी की जिथून हरीण सहसा जात नाही: ओढ्याची खडी दरड, वादळात पडलेल्या झाडांचा गुंता, मोठ्या शिळांची रास, उंच कुंपण किंवा तळं. मी जागा शोधायला स्क्रेपपासून सुरुवात करतच नाही. आधी नकाशावर असा अडसर शोधतो आणि मग त्याच्या वाऱ्यासमोरच्या बाजूला ५०-६० यार्डांत स्क्रेप आहे का ते पाहतो. उलट्या क्रमाने शोधलं तर माणूस स्क्रेपच्या प्रेमात पडतो आणि वाईट जागेची समजूत घालत बसतो.

दुसरं भोक बाजूचं. नर उत्तरेकडून येणार की दक्षिणेकडून? सोललेल्या सालींनी दिशा सांगितली असेल तर त्याच्या येण्याच्या बाजूला थोडं सरका, म्हणजे तो स्क्रेपच्या वासाच्या पट्ट्यात शिरण्याआधीच तुमच्या माऱ्यात येतो. त्या पट्ट्यात शिरल्यावर काही नर सरळ स्क्रेपकडे वळतात आणि तुमच्यापासून लांब जातात.

तिसरी गोष्ट म्हणजे वारा पूर्णपणे तुमच्या बाजूचा असेल अशा दिवसाची वाट पाहू नका. वारा नराला पूर्ण प्रतिकूल असेल तर तो त्या वाटेने येतच नाही. स्वतःला सुरक्षित वाटेल अशाच वाऱ्यावर तो चालतो. आपल्याला हवा असतो तो जेमतेम चुकणारा वारा: त्याला वाटावं की आपल्याला सगळं कळतंय, आणि तुमचा वास मात्र त्याच्या वाटेच्या दहा-वीस यार्ड बाजूने निसटून जावा. उतारावर हे साधायला डोंगराची सोंड किंवा छोटी खिंड कामी येते. संध्याकाळी हवा उतरत असताना नराच्या वाटेच्या किंचित खाली बसलात तर वास दरीत जातो आणि तो वरून चालत येतो. सकाळी हेच गणित ऊन चढल्यावर उलटतं, म्हणून सकाळची बैठक निवडताना हवा फिरल्यावर काय होईल याचंही उत्तर तयार हवं. नसेल तर हवा फिरण्याआधी उठा.

एखाद्या उत्तम स्क्रेपजवळ अशी जागाच नसते. तेव्हा हट्ट सोडा. खाजगी जमीन असेल आणि मालकाची परवानगी असेल तर त्याच वाटेवर, तुमच्या सोयीच्या जागी खोटा स्क्रेप करता येतो. खाली पडलेली फांदी किंवा रानद्राक्षाचा वेल हरणाच्या तोंडाच्या उंचीवर बांधा आणि खालचा पाचोळा काठीने सारा. बाटलीतलं हरणाचं मूत्र लागत नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगासाठी घोषित केलेल्या नियंत्रण क्षेत्रांत ते वापरायला आणि बाळगायलाही पेनसिल्व्हेनियात बंदी आहे. फांदी चांगली असली की हरणं उरलेलं काम स्वतः करतात.

पाठ, सावली आणि पाचोळा

जागा ठरली की नेमकं झाड निवडा. खोड तुमच्या खांद्यांपेक्षा रुंद हवं. त्याने शरीराची बाह्यरेषा मोडते, आणि मागून कुणी दुसरा शिकारी आला तर तेच तुमचं संरक्षण असतं. उलथलेल्या झाडाच्या मुळांची ढाल मिळाली तर दुसरं काही शोधू नका. बीचची कोवळी झाडंही फार उपयोगाची, कारण त्यांची वाळलेली फिकट पानं थंडीभर झडत नाहीत. बाकी जंगल उघडं पडतं तेव्हा तुमच्यासमोर पडदा राहतो.

पडदा समोर फार दाट नको. पाठीमागे गडद आणि समोर गुडघ्याएवढं विरळ, हे प्रमाण चालतं. समोर भिंत उभी केली की तुम्ही हरणाला पाहायला मान लांबवता, आणि ती हालचालच घात करते. हरणाला लाल-केशरी रंग नीट दिसत नाहीत, निळा मात्र चांगला दिसतो. निळी जीन्स घरी ठेवा. कपडे उजळवणाऱ्या साबणाने धुतलेलं काही नको. बाकी कपड्यांवरची पानांची नक्षी किती महागडी आहे याने काडीचा फरक पडत नाही; सावलीत बसणं आणि न हलणं याने पडतो. संध्याकाळी सूर्य तुमच्या तोंडावर येणार नाही असं झाड घ्या.

मग पायाखालचा पाचोळा हाताने पूर्ण बाजूला करा, मातीपर्यंत. ओकची वाळलेली पानं पापडासारखी वाजतात, आणि धनुष्य ओढताना टाच इंचभर सरकली तरी हरीण कान वळवतं. त्याच पाचोळ्याचा फायदाही आहे: हरीण दिसण्याआधी ऐकू येतं. खार थांबत-थांबत उड्या मारते, घाईघाईने. हरणाची पावलं मोजून टाकल्यासारखी पडतात, मध्ये लांब शांतता असते. पहिल्या मोसमात प्रत्येक खारीला नर समजून छाती धडधडते, ते होऊ द्या.

उजव्या हाताने मारा करत असाल तर नर जिथे येईल असं वाटतं ती जागा तुमच्या नाकासमोर नको, डाव्या खांद्याच्या दिशेला हवी. बसलेल्या माणसाचं धड डावीकडे सहज वळतं, उजवीकडे जवळजवळ नाही. डावखुऱ्यांनी उलट करावं. छोट्या, टेकू नसलेल्या स्टुलावर बसून धनुष्य पूर्ण ओढून बघा: खालचं टोक जमिनीला, गुडघ्याला, फांदीला लागतं का? हे घरच्या अंगणात, जाड जॅकेट घालून करायचं. क्रॉसबोला हा त्रास कमी, पण तिचे आडवे हात सुटताना काही लागू नये एवढी मोकळीक दोन्ही बाजूंना ठेवा, आणि टेकू देणारी काठी न्या.

आता लेखातला सर्वांत गंभीर मुद्दा. झाडावरून सोडलेला तीर किंवा गोळी खालच्या दिशेला जाते आणि जमिनीत थांबते. जमिनीवरून सोडलेली सरळ पुढे जाते. म्हणून ज्या-ज्या फटीतून मारा करणार त्या प्रत्येक फटीमागे चढ, बांध किंवा दरड हवी. हरीण धारेच्या माथ्यावर, मागे नुसतं आकाश असेल तर कितीही मोठी शिंगं असोत, मारा नाही. रायफलच्या मोसमात तर ही अट आधी तपासायची आणि मग वारा. सरकारी शिकार जमिनीवर जिवंत झाडं-फांद्या तोडता येत नाहीत, त्यामुळे फटी करायच्या नसतात, शोधायच्या असतात. दोन किंवा तीन पुरे. अंतर आधी मोजून ठेवा, एखादं झाड खुणेला ठेवा. नवख्याने धनुष्याला २० यार्डांच्या पुढे जाऊ नये असं माझं मत आहे, मैदानावर ४० यार्डांवरून नेम बसत असला तरी.

तंबूसारखे कापडी ब्लाइंड हालचाल लपवतात, मुलांना घेऊन जायचं असेल तर उत्तम. पण स्क्रेपजवळ आज लावून आज बसलात तर हरणं त्याला वळसा घालतात. खाजगी जमिनीवर काही आठवडे आधी लावा, फांद्यांनी झाका, मागच्या खिडक्या बंद ठेवा आणि आत काळे कपडे घाला. कापडाने वास अडतो हा गैरसमज आहे. रायफलच्या मोसमात अंगावर डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच झळझळीत केशरी रंग लागतो. ब्लाइंडमध्ये बसलात तर बाहेरूनही चहूबाजूंनी केशरी दिसायला हवा, नाहीतर बाहेरच्या शिकाऱ्याला तुम्ही आहात हेच कळत नाही. धनुष्याच्या मोसमात कायदा मागो न मागो, जाता-येता केशरी टोपी घालावी.

गोचीड

जमिनीवर बसणाऱ्याला हा धडा वेगळा द्यावा लागतो. लाइम रोग पसरवणारी काळ्या पायांची गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रौढ अवस्थेत जोरात असते, आणि पेनसिल्व्हेनिया या रोगाच्या बाबतीत देशात अगदी वरच्या राज्यांत आहे. पँट, मोजे, बूट यांना आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून पूर्ण वाळवा. ते अंगाला लावायचं नाही, आणि ओलं असताना मांजराच्या जवळ ठेवायचं नाही. मांजराला ते विषारी आहे. पँट मोज्यांत खोचा. घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये गरम हवेवर टाका आणि अंग तपासा: काखा, जांघा, गुडघ्याची खोबण, कानामागे. चावलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा आला तर डॉक्टरला गोचिडीबद्दल आवर्जून सांगा.

जायचं कसं, निघायचं कसं

बैठक कितीही चांगली असली तरी तिथे पोचण्यासाठी हरणांची वाट ओलांडावी लागत असेल तर ती चांगली नाही. रबरी बूट, ओढ्याच्या पात्रातून किंवा उघड्या बाजूने, तुमचा वास दाटीकडे जाणार नाही अशा अंगाने. स्क्रेपजवळ जाऊन तो ताजा आहे का हे दर वेळी बघायचा मोह होतो. त्यासाठी एक ट्रेल कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) उंचावर, खाली झुकवून लावा आणि त्यालाही क्वचित भेट द्या. काही राज्यांत कॅमेऱ्यांवर बंधनं आहेत, ॲरिझोनात तर शिकारीसाठी बंदीच आहे. आधी नियम पाहा.

सुरुवातीला संध्याकाळची बैठक घ्या. दुपारी दोनच्या सुमारास उजेडात, पाऊल बघत जाता येतं. पहाटेच्या अंधारात परतणाऱ्या हरणांवरच आपण जाऊन आदळतो. निघण्याची अडचण मात्र संध्याकाळी असते. अंधार पडला आणि समोर माद्या चरत असतील तर उठू नका. त्या पुढे सरकेपर्यंत थंडीत बसून राहा, नाहीतर उद्यापासून त्या या कोपऱ्याला टाळतील आणि त्यांच्यामागे येणारा नरही.

कोणते दिवस

उत्तरेकडच्या राज्यांत स्क्रेपवरची लगबग ऑक्टोबरच्या शेवटच्या दहा दिवसांत आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिगेला असते. माद्या माजावर यायच्या थोडं आधी. एकदा त्या माजावर आल्या की नर स्क्रेप विसरून त्यांच्या मागे लागतो. मादीचा माज एखाद-दुसराच दिवस टिकतो, आणि फळली नाही तर साधारण २८ दिवसांनी पुन्हा येतो. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दाटीजवळचे एखाद-दोन स्क्रेप पुन्हा उघडलेले दिसतात. हे सगळं वेळापत्रक दिवसाच्या लांबीवर चालतं. चंद्राच्या कलांवरून माजाची तारीख सांगणाऱ्या तक्त्यांवर पैसे घालवू नका.

पाऊस थांबून आकाश उघडलं आणि गारठा वाढला की ती संध्याकाळ सोडू नका. धुऊन गेलेले स्क्रेप नर पुन्हा उकरायला निघतात, आणि ओला पाचोळा तुमचीही पावलं लपवतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्या दिवशी सूर्यास्ताची वेळ नव्याने पाहून घ्या.

एकाच जागी सलग बसू नका. दोन बैठकांमध्ये काही दिवस जाऊ द्या आणि वारा योग्य नसेल त्या दिवशी दुसरीकडे जा. यासाठी दोन वेगवेगळ्या वाऱ्यांना चालणाऱ्या जागा हाताशी हव्यात. स्क्रेपवर पाचोळा साचू लागला, कॅमेऱ्यात फक्त मध्यरात्रीचे फोटो येऊ लागले, की ती जागा त्या वर्षापुरती सोडा आणि माद्या बसतात त्या दाटीच्या कडेला जा.

नर आला तर

तो दिसल्यावर त्याच्या डोळ्यांत पाहू नका, पुढचं झाड कोणतं ते पाहा. त्याचं डोकं खोडामागे गेलं की धनुष्य ओढा. जमिनीवर त्याची नजर तुमच्या पातळीवर असते, म्हणून ही एकच संधी. बाजूने उभा असेल किंवा किंचित पलीकडे वळलेला असेल तरच तीर सोडा: पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोरून तोंड करून उभा असेल तर जाऊ द्या.

तीर लागल्यावर तो जिथे उभा होता आणि जिथे शेवटचा दिसला त्या दोन्ही जागा मनात पक्क्या करा आणि निदान अर्धा तास बसून राहा. तीर पोटात लागल्याची शंका असेल, म्हणजे तीराला हिरवट घाण किंवा आंबूस वास असेल, तर सहा ते आठ तास माग काढू नका. लवकर उठवलेलं जखमी हरीण मैलभर जातं आणि सापडत नाही. मिळाल्यावर परवान्याबरोबरचा टॅग जागेवरच भरून हरणाला लावायचा असतो. वेस्टिंग डिसीजच्या नियंत्रण क्षेत्रात असाल तर मेंदू आणि मणका क्षेत्राबाहेर नेता येत नाही. अशा भागांत डोकं तपासणीसाठी टाकायला राज्याच्या गेम कमिशनने (वन्यजीव खात्याने) पेट्या ठेवलेल्या असतात. तिथे द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवा.